परसातलं टाकं: हिवाळा निघाला, आता नवतपा, मे अखेरीचे नऊ कडक उन्हाचे दिवस

मंडळी, मागची नोंद टाकली तेव्हा टाक्याचं पाणी सकाळी १६ अंशांवर होतं. काल भर दुपारी वरच्या थरात ३६ भरलं. मासे तेच: रोहू, मागूर आणि झेब्रा डॅनियोचा थवा.

आम्ही साकोलीकडचे. विदर्भात पारा कुठवर जातो ते सांगायला नको. नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ अंश होतं आणि २९ डिसेंबर २०१८ ला ३.५. पाणी हवेइतकं पटकन तापत नाही, निवतही नाही. तरी तीन फुटांच्या सिमेंटच्या टाक्याला बोडीची, म्हणजे गावतळ्याची, खोली कुठून येणार?

हिवाळा तसा सोपा गेला. रोहूला १४ अंशांखाली मानवत नाही. पाणी १८ च्या खाली गेलं की मी खाद्य जवळजवळ बंदच करतो, कारण न खाल्लेली ढेप (पेंड) तळाशी सडते.

खरी परीक्षा आता. माझं ठाम मत झालंय की आपल्याकडे उन्हाळ्यात मासा उष्णतेनं कमी आणि दम कोंडून जास्त मरतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ ला जेमतेम ७. आणि पाणी दहा अंशांनी तापलं की माशाची प्राणवायूची गरज साधारण दुप्पट होते. त्यात शेवाळही रात्रभर प्राणवायू ओढतं, म्हणून सर्वांत वाईट वेळ दुपारची नाही, सूर्य उगवायच्या आधीची. पहाटे टॉर्च मारून बघा. रोहू पाण्याला समांतर, वरचा ओठ नेमका पृष्ठभागाला टेकवून, कल्ले भराभर हलवत उभे असतात. मागूर मात्र सरळ वर येतो, हवेचा एक घोट घेतो आणि तळाशी जातो. कल्ल्यांच्या वर हवा घ्यायचा वेगळा अवयव आहे त्याला. आमच्या बोडीवर मासे धरणारे ढिवर काका टाक्यात डोकावून म्हणाले, "पाण्यात दम नाही रायला, भाऊ." तेव्हापासून एअर पंप रात्रभर चालू असतो, लाइट गेली तर बॅटरीवर.

दुसरी गोष्ट वेगाची. प्रयोगशाळेत पाणी सावकाश तापवत नेतात आणि मासा तोल सोडतो तो अंश नोंदवतात. कोमट पाण्यात रुळलेला मासा थंड पाण्यातल्यापेक्षा वरच्या अंशापर्यंत टिकतो. मार्चपासून रोज थोडं तापत गेलेल्या पाण्यानं आपले मासे तसेच तयार होतात. म्हणून ३६ अंशांच्या टाक्यात दुपारी विहिरीचं २७ अंशांचं पाणी बदाबदा ओतू नका. पहाटे, दोन्हींतला फरक कमी असताना, उंचावरून शिंपडत घाला. विहिरीच्या पाण्यात मुळात प्राणवायू कमी असतो, तोही तसा मिसळतो.

पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, मांडव अर्ध्या टाक्यावर घातलाय, बारदाना भिंतीला गुंडाळून ओला ठेवतो. नवतपा लागायच्या आत दुसरा पंप बसवणार आहे. ज्यांच्याकडे मरळ आहे, त्यांनी तळाचं आणि वरचं तापमान वेगवेगळं टाका, पहाटेचं आणि दुपारचं दोन्ही.