फलाट क्रमांक सातवरून मीच बोलतेय

जर्मन शिकायला आलेली मुलं बोलायच्या परीक्षेला घाबरतात, पण मार्क जातात ते ऐकण्याच्या परीक्षेत. पहिल्या पातळीला, म्हणजे ए-वनला, बोलण्यात सुरुवातीला नाव, वय, राहण्याचं ठिकाण, भाषा, छंद एवढं सांगायचं असतं. ते घोकून येता येतं. ऐकणं घोकता येत नाही.

आमच्या कॉलेजचा पेपर ग्योटे इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे आपल्याकडच्या मॅक्सम्युलर भवनाच्या, ए-वन परीक्षेवरच बेतलेला आहे. ऐकण्याला साधारण 20 मिनिटं आणि तीन भाग. पहिल्यात छोटे संवाद, दोनदा ऐकवायचे. दुसऱ्यात स्टेशनवरच्या किंवा दुकानातल्या घोषणा, त्या एकदाच. तिसऱ्यात फोनवर ठेवलेले निरोप, पुन्हा दोनदा. तिसऱ्या भागात आम्ही थोडा बदल केलाय. आमच्याकडे पर्याय नसतात, निरोपातला आकडा किंवा वेळ स्वतः लिहायची.

गेल्या सत्राच्या परीक्षेला वर्गातला स्पीकर बंद पडला. म्हणजे तो चालू होता, पण त्यातून नुसती घरघर येत होती. वायर हलवून झाली, लॅपटॉप बदलून झाला. शिपाई मामा दुसरा स्पीकर आणायला गेले ते हात हलवत परत आले, कारण तो सभागृहात कुठल्याशा कार्यक्रमाला लावलेला. परीक्षा विभागाला फोन केला तर तिकडून शांतपणे उत्तर आलं, "मॅम, पाकिटात संहिता असते ना? तुम्हीच वाचा की." पेपर पुढे ढकलणं शक्य नव्हतं, मार्क त्याच आठवड्यात भरायचे होते. पर्यवेक्षक म्हणून अर्थशास्त्राचे सर मागच्या बाकावर बसलेले. त्यांना जर्मनचा गंध नाही. त्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला आणि नाटकाला आल्यासारखे सावरून बसले.

पहिल्या भागात एक बाई आणि एक पुरुष बोलतात. मी डावीकडे मान वळवून बाईचं वाचलं, उजवीकडे वळवून पुरुषाचं, आवाज जमेल तितका खाली नेला. पहिल्या संवादाला वर्ग फिदीफिदी हसला, दुसऱ्याला कमी, तिसऱ्याला पेनं चालू झाली. संवादांच्या मध्ये रेकॉर्डिंगमध्ये असते तेवढीच शांतता मी घड्याळाकडे बघत पाळत होते. आपल्याच वर्गासमोर काही न बोलता उभं राहणं एरवी आम्हा शिक्षकांच्या नशिबी नसतं. ते दहा सेकंद भलतेच लांब वाटतात.

दुसरा भाग आला. स्टेशनवरची घोषणा. मी तोंड उघडणार तेवढ्यात मागच्या बाकावरून एकानं हुबेहूब "टिंग टाँग" केलं. सरांनी डोळे वटारले, पण मला त्याची मदतच झाली. मी एकदम स्टेशनवरच्या बाईच्या आवाजात शिरले. हानोफरला जाणारी गाडी 20 मिनिटं उशिरानं येईल, ग्लाइस सातऐवजी नऊवरून सुटेल, असा मजकूर. ग्लाइस म्हणजे फलाट. वाचून झालं आणि तिसऱ्या रांगेतली एक मुलगी, जी वर्षभर हजेरीला "हिअर" म्हणण्यापलीकडे वर्गात बोललेली नव्हती, ती वर बघून म्हणाली, "नोख आइनमाल, बिट्टे."

पुन्हा एकदा, प्लीज.

वर्गात सगळ्यांनी माना वर केल्या. रेकॉर्डिंगला असं कुणी म्हणत नाही, म्हणून उपयोगही नसतो. पण समोर माणूस होता, माणसाला विचारता येतं, आणि तिनं ते जर्मनमध्ये विचारलं. बिट्टे विसरली नाही. मीच सत्राच्या सुरुवातीला फळ्यावर ही वाक्यं लिहून दिली होती: समजलं नाही तर काय म्हणायचं, हळू बोला कसं म्हणायचं. ती तेव्हापासून वहीत निपचित पडली होती.

नियम स्पष्ट आहे, दुसरा भाग एकदाच. एकीसाठी पुन्हा वाचलं तर बाकीच्यांवर अन्याय, आणि सगळ्यांसाठी वाचलं तर तो पेपर राहत नाही. "नाइन, लायडर निश्त," मी म्हटलं. नाही, दुर्दैवानं नाही. ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "शाडे."

म्हणजे, अरेरे.

अख्खा वर्ग हसला. सरांना काही कळलं नाही तरी तेही हसले. परीक्षेच्या मधोमध तीन ओळींचा खराखुरा जर्मन संवाद झाला होता, तोही पाठ्यपुस्तकात नसलेला. त्याला मार्क द्यायला पेपरात जागा नव्हती याची मला तेव्हा चुटपुट लागली.

तिसरा भाग मला सर्वात जास्त शिकवून गेला. स्पीकर असला की मुलं स्पीकरकडे बघतात, मी खिडकीबाहेर. आता तीस-पस्तीस पेनं माझ्या समोर होती आणि कुठल्या अक्षराला कोण अडतंय ते मला दिसत होतं. एका निरोपात फोन नंबर होता. जर्मन लोक नंबर सांगताना दोनला बऱ्याचदा ट्स्वाय म्हणत नाहीत, ट्स्वो म्हणतात, कारण फोनवर ट्स्वाय आणि द्राय, म्हणजे तीन, सारखेच ऐकू येतात. संहितेत ट्स्वो होतं. मी ते म्हटलं आणि पेनं एकदम थांबली. कपाळाला आठ्या. गंमत अशी की ट्स्वोच्या पुढचे आकडे सगळ्यांना पहिल्या महिन्यापासून येतात, पण तेही गेले, कारण मुलं ट्स्वोपाशीच बसून राहिली. एक अनोळखी शब्द आपल्याबरोबर ओळखीचे चार शब्द घेऊन जातो. हे मी वर्गात शंभरदा सांगते, सोडून द्या, पुढे ऐका. पण ते घडताना असं पेनाच्या टोकावर कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या वाचनाला बऱ्याच जणांनी गाळलेली जागा तशीच ठेवून पुढचे आकडे भरले.

मग खोली क्रमांक. 254. जर्मनमध्ये हे ट्स्वायहुंडर्टफिअरउंडफ्युन्फत्सिश, म्हणजे आधी दोनशे, मग चार, मग पन्नास. पहिल्या बाकावरच्या मुलानं 2 लिहिला, लगेच 4 लिहिला आणि मग 5. झालं 245. शेजारच्यानं 2 लिहून पेन उचललं, मध्ये एका आकड्याची जागा सोडून 4 लिहिला, मग मागे येऊन 5 बसवला. ही युक्ती मी शिकवलेली. आणि ती शाडेवाली मुलगी: तिनं न थांबता, न जागा सोडता सरळ 254 लिहिलं.

पेपर गोळा झाल्यावर मी तिला थांबवून विचारलं.

"मॅम, मी मनात दोनशे चोपन्न म्हटलं," ती म्हणाली. "चोपन्नमध्येपण चार आधीच येतात ना."

येतातच. एकवीस, चोपन्न, अठ्ठेचाळीस, सगळीकडे आपणही एकक आधी आणि दशक नंतर म्हणतो, आणि लिहिताना हात बिनबोभाट उलटं करतो. पण कॉलेजात मुलं आकडे इंग्रजीतून मोजतात, फोन नंबर इंग्रजीतून सांगतात, आणि जर्मन आकडा आला की आधी त्याचं इंग्रजी करतात. त्या वळणावर गाडी घसरते. बाकी भाषेतही हेच चालतं. डेअर, डी, दास अशी तीन लिंगं पाहून मुलं हाय खातात, आणि तो, ती, ते म्हणत वर्गाबाहेर पडतात.

मराठी मदतीला येते म्हणून दर वेळी डोळे मिटून तिच्या मागे जावं असंही नाही. त्याच पेपरात शेवटच्या निरोपात "हाल्ब आख्ट" होतं. आख्ट म्हणजे आठ, हाल्ब म्हणजे अर्धा, आणि वेळ साडेसात, कारण जर्मन माणूस आठाकडे जाणारा अर्धा तास मोजतो. वर्गातल्या अर्ध्याअधिक उत्तरपत्रिकांवर साडेआठ होतं. तिच्यासुद्धा.

खोली रिकामी होत असताना अर्थशास्त्राचे सर जवळ आले. "मधली ती गाडी लेट असल्याची अनाउन्समेंट होती ना?" मी विचारलं, कशावरून? "अहो, सूर तोच. जगात कुठेही गाडी लेट झाली की त्या बाईचा आवाज असाच गोड होतो." नुसत्या सुरावरून त्यांनी जे ओळखलं ते काही मुलांना, प्रत्येक शब्दाचा अर्थ लावत बसल्यामुळे, सुटलं होतं. त्यांच्या उत्तरपत्रिकेत गाडी वेळेवर होती.

दोन दिवसांनी परीक्षा विभागानं लेखी खुलासा मागितला: श्रवणचाचणीत ध्वनिमुद्रणाऐवजी वाचन का केलं. वाचा म्हणून फोनवर सांगणारे तेच होते हे मी सभ्य भाषेत लिहिलं. मार्कांचं म्हणाल तर फार वरखाली झालं नाही. माझा आवाज ओळखीचा म्हणून सोपं गेलं असेल, मध्येच हसू फुटलं म्हणून अवघड.

आता सरावाच्या तासाला मी रेकॉर्डिंग लावतेच, पण त्याआधी मुलांतलाच एक जण उभा राहून घोषणा वाचतो आणि बाकीच्यांना "नोख आइनमाल, बिट्टे" म्हणायची मुभा असते. टिंग टाँगवाल्यानं स्टेशन कायमचं स्वतःकडे घेतलंय. त्याच्या सगळ्या गाड्या उशिरानं येतात, कारण फेअरश्पेटुंग, म्हणजे उशीर, हा शब्द त्याच्या तोंडात भारी बसलाय. जर्मन रेल्वे सहा मिनिटांच्या आतला उशीर उशीर मानत नाही, गाडी वेळेवरच धरते, तेव्हा कधीतरी पाच मिनिटांवर भागव, असं मी त्याला सांगून पाहिलं. तो चाळीसच्या खाली यायला तयार नाही.