होल्याचं अंडं उबवलं तेव्हा

फांद्या छाटताना होल्याचं घरटं खाली आलं. एक अंडं फुटलं, दुसरं शाबूत. जवळच्या फांदीवर टोपलीत ठेवून लांबून पाहिलं, पण जोडी फिरकली नाही. जंगली पक्ष्याचं अंडं परस्पर घरात ठेवणं बहुतेक देशांत कायद्याने चालत नाही, म्हणून आधी पक्षी वाचवणाऱ्यांना फोन लावला. त्यांच्या देखरेखीखाली, त्यांच्याच इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे अंडी उबवायच्या पेटीत, अंडं माझ्याकडे राहिलं.

पंख्याच्या इन्क्युबेटरला ३७.५ अंश सेल्सिअस लागतं. थोडा वेळ कमी झालं तर निभावतं. जास्त झालं तर पिल्लू आतच दगावतं. अंडं दिवसातून चार-पाचदा वळवायचं, नाहीतर वाढणारा जीव आतल्या पडद्याला चिकटतो. एका बाजूला पेन्सिलीने फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढला की घोळ होत नाही.

खरी उत्सुकता टॉर्चची. होल्याचं अंडं पांढरं, पातळ कवचाचं, त्यामुळे आतलं चांगलं दिसतं. अंधारात बोथट टोकाला छोटा एलईडी टॉर्च टेकवायचा, कडेने बोटं घट्ट धरायची. सुरुवातीला नुसता पिवळसर उजेड. मग एका रात्री कोळ्याच्या पायांसारख्या बारीक लाल रेघा दिसल्या आणि मधोमध एक ठिपका चक्क उडत होता! काळजाचे ठोकेच ते. या रेघांऐवजी रक्ताचं एकच कडं दिसलं तर सगळं संपलेलं असतं. पाहणं मात्र पटकन उरकायचं. पुन्हा पुन्हा पाहायचा मोह होतो, तो आवरावा.

पुढे आत काळोख भरत गेला आणि बोथट टोकाची हवेची पोकळी मोठी होत गेली. अंडं उबताना पाणी उडतं, वजन उबण्याच्या काळात साधारण १२ ते १५ टक्के घटायला हवं. माझ्याकडच्या अंड्याचं हळू घटत होतं, म्हणून आतलं पाण्याचं भांडं लहान केलं.

होल्याला साधारण दोन आठवडे लागतात. पोकळीत चोचीची सावली दिसल्यावर वळवणं थांबवलं, ओलावा वाढवला. कवचाला तडा गेला तरी सोलायला जायचं नाही. आतल्या रक्तवाहिन्या सुकलेल्या नसतात, बलकही पोटात ओढला जायचा असतो.

पिल्लू बाहेर आलं, पण होल्याच्या पिल्लाला सुरुवातीला आईबापाच्या गळ्यातल्या थैलीत तयार होणारं दूधच लागतं, आणि ते माझ्या हातून होणारं नव्हतं. त्यामुळे अंग सुकताच ते पक्षी वाचवणाऱ्यांकडे दिलं. त्याच वयाची पिल्लं असलेली एक जोडी त्यांनी आधीच हेरून ठेवली होती.