विंडोज ११ : 'चालणार नाही' म्हणणाऱ्या कॉम्प्युटरवर ते कसं चढवलं

विंडोज ११ ची घोषणा झाली २४ जून २०२१ ला. सोबत मायक्रोसॉफ्टने तपासणीचं जे ॲप दिलं, ते धडधाकट कॉम्प्युटरलाही 'चालणार नाही' एवढंच सांगायचं; का, ते नाही. बोंबाबोंब झाल्यावर ॲप मागे घेतलं आणि काही महिन्यांनी कारणांसकट परत आणलं. पण 'नवीनच घ्या' हा सल्ला तेव्हा जो रुजला तो रुजलाच. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हाही पुण्यात टिळक रोडवरच्या कॉम्प्युटर दुकानांत मला तोच मिळाला.

माझा कॉम्प्युटर इंटेलच्या आठव्या पिढीतला आय-५ ८४०० प्रोसेसर, बी-३६० मदरबोर्ड, ८ जीबी रॅम. विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरच्या मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलची आठवी पिढी आहे, सातवीतले एकदोन अपवाद सोडले तर नाहीत. (सातवीवाल्यांना का वगळलं, हे मला आजही पटत नाही.) म्हणजे अडत होतं फक्त टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारा भाग) आणि सिक्युअर बूटवर (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय).

टीपीएम पाच मिनिटांत होतं. सुरू होताना डिलीट दाबून बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये, जायचं आणि इंटेलच्या बोर्डात 'पीटीटी', एएमडीच्या बोर्डात 'एफटीपीएम' शोधून चालू करायचं; कॉम्प्युटरमध्येच असलेल्या टीपीएमची ही नावं. घोषणेनंतर लोक सुटे टीपीएम मॉड्यूल चढ्या भावाने घेत होते. बहुतेकांना त्याची गरजच नव्हती. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर बायोसला हात लावण्याआधी तो सस्पेंड करा आणि ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा.

खरी मेख सिक्युअर बूटची. त्याला यूईएफआय मोड (कॉम्प्युटर सुरू करण्याची नवी पद्धत) लागतो, आणि त्यासाठी विंडोज असलेली डिस्क जीपीटी (पार्टिशनची, म्हणजे डिस्कच्या तुकड्यांची, नोंद ठेवायची नवी पद्धत) हवी. माझी जुन्या पद्धतीची, एमबीआर होती. विंडोजमध्येच 'एमबीआर-टू-जीपीटी' नावाची कमांड आहे. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून आधी फक्त 'व्हॅलिडेट', म्हणजे नुसती तपासणी, चालवायचं. चालू विंडोजमधून करताना 'अलाऊ फुल ओएस' हा पर्याय जोडावा लागतो, तो विसरलात तर कमांड तिथेच थांबते.

माझं व्हॅलिडेट नापास झालं. कारण आपल्याकडची जुनी सवय: एकाच डिस्कचे सी, डी, ई, एफ असे तुकडे पाडून द्यायचे. या कमांडला जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशन चालतात, आणि एक्स्टेंडेड-लॉजिकल (एका मोठ्या तुकड्याच्या पोटात पाडलेले तुकडे) अजिबात नाही. 'सिस्टिम रिझर्व्ह्ड' हा दिसत नसलेला तुकडाही मोजणीत धरला जातो. ई आणि एफमधला डेटा बाहेरच्या डिस्कवर काढला, दोन्ही डिलीट केले, उरलेलं रिकामं एक्स्टेंडेडही उडवलं. राहिले तीन. व्हॅलिडेट पास, मग 'कन्व्हर्ट', म्हणजे प्रत्यक्ष बदल.

हे गुरुवारी करू नका. महावितरणचं देखभालीचं काम पुण्यात बहुधा गुरुवारीच निघतं, आणि पार्टिशन टेबल लिहिलं जात असताना वीज गेली तर सी ड्राइव्ह हातचा जातो. यूपीएस असेल तर उत्तम, पण त्याची बॅटरी जिवंत आहे का ते आदल्या दिवशी बघा.

कन्व्हर्ट झाल्यावर 'विन-आरई' (विंडोज दुरुस्तीची सोय) अपडेट न झाल्याची तक्रार येऊ शकते. घाबरायचं नाही, 'रीएजंट-सी' या कमांडने ती आधी डिसेबल, मग एनेबल केलं की बहुतेक वेळा मिटतं. त्यानंतर रीस्टार्ट करून थेट बायोसमध्येच जायचं, सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद करायचं आणि 'विंडोज बूट मॅनेजर' पहिला ठेवायचा. इथे चुकलात तर 'बूट डिव्हाइस नाही' हा संदेश ठरलेला. सीएसएम बंद केल्यावर पडदा काळाच राहिला, तर जुन्या ग्राफिक्स कार्डात यूईएफआयचं फर्मवेअर नसावं. कार्ड काढून केबल बोर्डाच्याच पोर्टला लावून बघा.

शेवटी सिक्युअर बूट 'एनेबल्ड' दिसत होतं, पण खाली 'नॉट ॲक्टिव्ह'. सिक्युअर बूटला लागणाऱ्या, बोर्डासोबत येणाऱ्या फॅक्टरी की बसवायच्या राहिल्या होत्या. 'रिस्टोअर फॅक्टरी कीज' करून सेव्ह केलं, आणि 'सिस्टिम इन्फर्मेशन'मध्ये बायोस मोड यूईएफआय, सिक्युअर बूट ऑन. तपासणीच्या ॲपचं उत्तरही बदललं.

सातव्या पिढीवाल्यांनी मात्र या खटाटोपात पडू नये. त्यांच्यासाठी विंडोज १० चे सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नावनोंदणी करावी लागते, आपोआप मिळत नाहीत.