सेल्फ लागत नसेल, तर आधी व्होल्ट मोजावेत

शंभर-सव्वाशे सीसीच्या मोटारसायकलचा सेल्फ लागेनासा झाला की पहिला संशय बॅटरीवर जातो, आणि पुष्कळदा बॅटरी बदलूनही तक्रार जशीच्या तशी राहते. माझ्या मावसभावाच्या गाडीचे तसेच झाले. चिपळूणचा पावसाळा आणि गाडी रात्रंदिवस उघड्यावर. बटण दाबले की बाजूच्या पॅनेलच्या आतून ‘टक्’ असा आवाज यायचा, मोटार जेमतेम घुरघुरायची आणि थांबायची; किक मारली की मात्र इंजिन लगेच सुरू व्हायचे. एका गॅरेजमध्ये नवी बॅटरी बसवून झाली होती आणि आता स्टार्टर मोटार बदलावी लागेल, असे त्याला सांगण्यात आले होते. तो खर्च करण्यापूर्वी मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचा मीटर) लावून पाहावा, असा आग्रह मी धरला.

अशा वेळी येणारा आवाज नीट ऐकावा, कारण दोष कोणत्या बाजूला आहे हे त्यावरून बरेचसे कळते. हँडलवरच्या बटणातून जाणारा प्रवाह अगदी थोडा असतो. तो फक्त रिलेच्या कॉइलला जागे करतो आणि रिले बॅटरीची जाड वायर मोटारीला जोडून देतो. बटण दाबल्यावर काहीच आवाज आला नाही, तर फ्यूज, बटणाचे पाणी शिरलेले पॉइंट, क्लचचा आणि न्यूट्रलचा स्विच, काही गाड्यांत साइड स्टँडचा स्विच, अशी बारीक वायरींची बाजू तपासावी. भराभर ‘टकटकटक’ ऐकू आले, तर बॅटरी दम टाकते आहे किंवा तिचे टर्मिनल ढिले आहे, असे बहुधा समजावे. एकच ठाम ‘टक्’ येऊन मोटार रेंगाळत असेल, तर रिलेच्या पुढच्या जाड वायरी, त्यांचे जोड, अर्थिंग (बॅटरीच्या मायनसपासून इंजिनापर्यंतची परतीची वाट) आणि मोटारीच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश यांच्याकडे वळावे.

आमच्याकडे बॅटरी आराम अवस्थेत १२.६ व्होल्ट दाखवत होती, म्हणजे ती भरलेली होती. पण नुसत्या उभ्या गाडीवरच्या या आकड्यावर विसंबू नये; थकलेली बॅटरीसुद्धा विश्रांतीनंतर चांगला आकडा दाखवते आणि भार पडताच कोसळते. म्हणून सेल्फ दाबलेला असतानाच मोजावे, आणि तो आकडा साधारण साडेनऊ-दहा व्होल्टच्या खाली गेला तर बॅटरीला दोष द्यावा. येथे तो ११.४ वर टिकून होता. मोटार अडखळते आहे आणि बॅटरीवर तर फारसा ताणच येत नाही, याचा अर्थ प्रवाह वाटेतच कुठेतरी अडतो आहे.

ही अडण्याची जागा शोधण्याची पद्धत मला फार मोलाची वाटते, कारण तिच्यासाठी काहीही उघडावे लागत नाही. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवावा, एक टोक बॅटरीच्या प्लस खांबावर आणि दुसरे मोटारीच्या टर्मिनलवर टेकवून सेल्फ दाबावा. जो आकडा दिसेल तेवढे व्होल्ट त्या वाटेत वाया जात आहेत. अर्धा व्होल्ट चालून जातो. मग तसेच बॅटरीच्या मायनस खांबापासून इंजिनाच्या उघड्या धातूपर्यंत मोजावे, आणि येथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसू नये. आमच्या मीटरने या दुसऱ्या जागी ३.८ दाखवले, म्हणजे दोष अर्थिंगमध्येच होता.

मोटारीला ४० अँपिअर लागत असतील, तर एखाद्या जोडातला ०.०५ ओहमचा अडथळासुद्धा २ व्होल्ट खातो आणि त्या जोडात ८० वॉट उष्णता तयार होते. हाच जोड टेस्ट लॅम्पने तपासला तर दिवा लख्ख लागतो, कारण दिव्याला लागणारा प्रवाह किरकोळ असतो. चांगले मेकॅनिकही येथेच फसतात.

अर्थिंगची वायर इंजिनाला ज्या बोल्टने आवळली होती, तो सोडला. (बॅटरीची मायनस वायर आधी काढावी आणि शेवटी जोडावी, म्हणजे पाना फ्रेमला टेकला तरी ठिणगी उडत नाही.) रिंग टर्मिनलच्या खालच्या बाजूला हिरवट-पांढरी पूड साचली होती, आणि बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या बोल्टाखाली धातूला धातू लागत होता तो जेमतेम नखाएवढ्या जागेत. दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने घासून उजळ केले, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवला. पुन्हा मोजले तेव्हा ०.१ व्होल्ट दिसले आणि इंजिन झटक्यात फिरले. जुनी मोटार आजही त्याच गाडीत आहे.

त्यानंतर चार्जिंगही तपासले, कारण बाजारापुरत्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत सेल्फने खर्च केलेली वीज पुरती भरून निघत नाही. इंजिनाचा वेग वाढवल्यावर बॅटरीवर साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसायला हवेत. त्याहून कमी असल्यास वीज तयार करणारी इंजिनातली कॉइल, म्हणजे स्टेटर, आणि त्या विजेचे व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर पाहावा लागतो.

मोटार जोरात फिरते पण इंजिन फिरतच नाही, ही तक्रार मात्र वेगळी आहे. तेथे बहुतेक वेळा मोटारीची फिरकी इंजिनाला देणारा वन-वे क्लच घसरत असतो, आणि त्यासाठी बहुतेक गाड्यांत मॅग्नेटचे (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चुंबकी चाकाचे) कव्हर उघडून पुलरने, म्हणजे ओढून काढायच्या हत्याराने, मॅग्नेट काढावा लागतो. ते काम पुलर नसताना हातोडीने करू नये.