आमची वाटचाल : केसपेपर संगणकावर लिहायला शिकवताना

मिरज हे दवाखान्यांचे शहर आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली येथे मिशन रुग्णालय सुरू केले आणि पुढच्या काळात शहरभर इतकी रुग्णालये, प्रसूतिगृहे, दातांचे दवाखाने आणि तपासणी प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, की सांगली-कोल्हापूरबरोबरच कर्नाटकातील अथणी, चिकोडी, जमखंडीकडचे रुग्णही उपचारांसाठी मिरजेची वाट धरतात. याच शहरातील एका रुग्णालयाच्या नोंद विभागात, म्हणजे जुने केसपेपर जेथे गठ्ठे बांधून ठेवतात आणि मागणी आली की शोधून देतात त्या खोलीत, मी बरीच वर्षे काम केले. आमचा आजचा व्यवसाय त्या कामातून उभा राहिला. दवाखान्यातील डॉक्टर, सिस्टर, कंपाउंडर आणि रिसेप्शनवरील कर्मचारी यांना रुग्णाची नोंद संगणकावर नीट कशी करावी, हे आम्ही शिकवतो. आम्ही सॉफ्टवेअर तयार करत नाही आणि विकतही नाही. दवाखान्याने जे घेतले असेल, त्यावर आम्ही शिकवतो.

सुरुवात केली तेव्हा आमच्या भागातील अनेक दवाखान्यांत सॉफ्टवेअर होते, पण ते बिल काढण्यापुरते आणि नंबर लावण्यापुरते. तपासणीची नोंद मात्र कागदावरच राहत असे. नियमांना हे अपेक्षित नव्हते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत आंतररुग्णांच्या, म्हणजे दाखल असलेल्या रुग्णांच्या, नोंदी किमान ३ वर्षे जपाव्यात, रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्याव्यात आणि नोंदी संगणकावर आणण्याचा प्रयत्न करावा, असे स्पष्ट म्हटले आहे. केंद्र सरकारने इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानके २०१३ मध्ये जाहीर केली आणि २०१६ मध्ये ती सुधारली. तरीही केसपेपर संगणकावर येत नव्हता. याचे कारण डॉक्टरांचा आळस हे नव्हते, असे माझे ठाम मत आहे. कोणते बटण कोठे आहे हे त्यांना एका दुपारी दाखवले जात होते. परंतु भरलेल्या ओपीडीत, एका रुग्णामागे काही मिनिटे मिळत असताना, कोणी, काय, केव्हा आणि कोठे लिहायचे, हे त्यांच्याबरोबर बसून कोणी ठरवत नव्हते.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तळमजल्यावरच्या दवाखान्यांत कपाटांसह केसपेपर भिजले, आणि भिजलेला कागद वाळवला तरी शाईचे अक्षर परत येत नाही. वर्षानुवर्षे इन्सुलिन घेणाऱ्या, रक्त पातळ होण्याची गोळी चालू असलेल्या रुग्णांचा पूर्वेतिहास त्यांच्या आठवणीवरून पुन्हा लिहून घ्यावा लागला. त्यानंतर डॉक्टर स्वतःहून आमच्याकडे येऊ लागले. त्यांना आम्ही पहिल्याच भेटीत सांगत असू, आजही सांगतो, की संगणकही त्याच तळमजल्यावर असतो. नोंदीची प्रत रोज दुसऱ्या ठिकाणी जाते का, आणि त्या प्रतीवरून नोंद खरोखर परत उघडता येते का, हे तपासून पाहिल्याशिवाय कागद बंद करू नये.

आमच्या शिकवणीचा पहिला दिवस संगणकाविना जातो. दवाखान्यातील अलीकडचे काही केसपेपर टेबलावर मांडून आम्ही सर्वांसह वाचतो. डॉक्टर कोणती संक्षिप्त रूपे वापरतात, रक्तदाब कोण मोजते आणि तो कोठे लिहितात, ॲलर्जी कागदाच्या कोणत्या कोपऱ्यात दडते, पुढच्या भेटीत मागचे पान कोण उलटून पाहते, हे सारे त्यातून उघड होते. याच दिवशी कामाची वाटणी ठरते. रिसेप्शनने रुग्णाची ओळख आणि येण्याचे कारण नोंदवायचे. सिस्टरने वजन, नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन आणि चालू औषधे भरायची. डॉक्टरांनी तपासणीतील निष्कर्ष, निदान आणि पुढची योजना एवढेच लिहायचे. शहरातील एका ज्येष्ठ डॉक्टरांनी मला विचारले होते, "ताई, मी पेशंटकडे बघू की पडद्याकडे?" हा प्रश्न मी प्रत्येक दवाखान्यात गृहीत धरून जाते. रुग्ण आत येण्याआधीच निम्मी नोंद भरलेली असेल, पडदा रुग्णालाही दिसेल असा तिरका ठेवलेला असेल आणि डॉक्टरांनी हाताने तपासून झाल्यावरच टंकलेखन करायचे असा क्रम पाळला, तर नजर रुग्णावर राहते. त्या डॉक्टरांच्या टेबलाची दिशा बदलण्यात आमचा जितका वेळ गेला, तितका सॉफ्टवेअर शिकवण्यातही गेला नाही.

नोंदीच्या मांडणीसाठी आम्ही अमेरिकन डॉक्टर लॉरेन्स वीड यांनी १९६० च्या दशकात मांडलेली पद्धत शिकवतो: आधी रुग्ण काय सांगतो, मग तपासणीत काय आढळले, त्यावरून डॉक्टरांचा अंदाज काय आणि शेवटी काय करायचे. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये हे चार रकाने असतातच. कठीण जाते ते पहिले दोन वेगळे ठेवणे. "ताप आहे" हे रुग्णाचे सांगणे आहे आणि १०१ फॅरनहाइट हे मोजमाप आहे. दोन्ही एकाच रकान्यात गेले, तर पुढच्या भेटीत ताप खरोखर मोजला होता की नाही हे कळत नाही. ॲलर्जीच्या रकान्याबाबत आम्ही फार काटेकोर आहोत. तो रिकामा असेल, तर कोणी विचारलेच नाही असा अर्थ होतो; विचारले आणि काही आढळले नाही, तर तसे लिहिलेच पाहिजे. काही सॉफ्टवेअरमध्ये तपासणीचे सर्व रकाने "सामान्य" असे आधीच भरून येतात, किंवा मागच्या भेटीची नोंद एका बटणावर पुढे ओढता येते. वेळ वाचतो म्हणून ही सोय डॉक्टरांना आवडते, पण आम्ही ती बंद करून घेण्याचा आग्रह धरतो, कारण न तपासलेले पोट त्या नोंदीत तपासलेले दिसते आणि ती नोंद वाचणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरांना फरक ओळखण्याचा मार्ग उरत नाही.

दातांच्या दवाखान्यांचे शिक्षण आम्ही स्वतंत्र ठेवले आहे, आणि मला स्वतःला हे काम सर्वाधिक आवडते. पडद्यावर दातांचे चित्र असते, पण ते रुग्णासमोर उभे राहून पाहिल्यासारखे, म्हणजे रुग्णाची उजवी बाजू चित्रात डावीकडे. नव्या सहायिकेचा हात येथे अडखळतो. शिवाय दातांना क्रमांक देण्याच्या पद्धती एकाहून अधिक आहेत. जागतिक दंत महासंघाच्या दोन अंकी पद्धतीत पहिला अंक तोंडाचा चतुर्थांश (वर-खाली, उजवा-डावा) दाखवतो आणि दुसरा मधल्या दातापासून मागे मोजलेला दात. म्हणून १६ म्हणजे वरची उजवीकडची पहिली दाढ, आणि दुधाच्या दातांसाठी ५१ ते ८५ या दरम्यानचे क्रमांक. अमेरिकेत प्रचलित असलेल्या पद्धतीत मात्र दात १ ते ३२ असे सलग मोजतात आणि तेथे १६ म्हणजे वरची डावीकडची अक्कलदाढ. परदेशी सॉफ्टवेअर बसवले आणि त्यातील पद्धत बदलायची राहिली, तर एकच आकडा तोंडाच्या दोन विरुद्ध टोकांकडे बोट दाखवतो. म्हणून पहिल्याच तासाला आम्ही ती सेटिंग उघडून सर्वांना दाखवतो आणि डॉक्टरांनी "सोळा" न म्हणता "एक-सहा" असे सांगावे, सहायिकेने ते मोठ्याने परत म्हणावे आणि मगच नोंदवावे, अशी सवय लावतो. दात काढण्याच्या दिवशी ही सवय फार मोलाची ठरते.

रुग्णाची ओळख हा आमच्या भागातील खरा गुंता आहे. लग्नानंतर नाव आणि आडनाव बदललेली स्त्री माहेरी बाळंतपणाला येते तेव्हा तिची जुनी नोंद सापडत नाही. घरात एकच मोबाइल असतो आणि त्या क्रमांकावर आजोबांपासून नातवापर्यंत सगळे नोंदवलेले असतात. सीमाभागातील गावांची नावे कोणी मराठी उच्चाराने लिहितो, कोणी कन्नड. परिणामी एकाच व्यक्तीच्या दोन नोंदी तयार होतात आणि पेनिसिलिनची ॲलर्जी एकीत राहते, औषध दुसरीत लिहिले जाते. नवी नोंद उघडण्याआधी नाव, जन्मवर्ष आणि गाव या तिन्हींनी शोध घ्यायचा, हा नियम आम्ही रिसेप्शनवरच्या मुलींकडून घोकून घेतो. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले आणि १४ अंकी आभा क्रमांकामुळे, म्हणजे रुग्णाच्या आरोग्य खात्याच्या क्रमांकामुळे, हा शोध थोडा सोपा झाला. मात्र तो क्रमांक ऐच्छिक आहे, आणि रुग्णाकडे तो नसला म्हणून त्याला ताटकळत ठेवू नये, हेही आम्ही तितक्याच आग्रहाने शिकवतो.

नोंद कोणत्या भाषेत करावी, यावर आमच्याकडे बरीच चर्चा झाली आणि अखेर आम्ही एक रीत पक्की केली. रुग्णाची तक्रार त्याच्याच शब्दांत, मराठीत: पायाला मुंग्या येतात, जिना चढताना धाप लागते, पोटात कळ येते. निदान आणि औषधे इंग्रजीत, शक्यतो सॉफ्टवेअरमधील ठरावीक यादीतून निवडलेली, कारण यादीतून निवडलेले निदानच पुढे शोधता आणि मोजता येते. रुग्णाच्या हातात जाणाऱ्या कागदावर १-०-१ बरोबरच "सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर" असे मराठीत छापून आले पाहिजे. मराठी टंकलेखनाची धास्ती काही दिवसांत जाते, असा आमचा अनुभव आहे.

लिहिलेली नोंद खोडायची नाही, हा धडा नोंद विभागातूनच माझ्याबरोबर आला. कागदावर चूक झाली तर आम्ही एक रेघ मारून, खालचे अक्षर दिसेल असे ठेवून, बाजूला सही करत असू. संगणकावरही तसेच: पूर्ण झालेल्या नोंदीत बदल न करता तारीख-वेळेसह पुरवणी जोडायची. यासाठी प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा हवा. डॉक्टरांच्या नावाने कंपाउंडर नोंद करतो तेव्हा ती कोणाची, हे नंतर सांगता येत नाही.

२५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यक सेवेची मार्गदर्शक तत्त्वे आली, फोनवरील सल्ल्याचीही नोंद ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक झाले आणि आमची शिकवणी काही काळ पडद्यावरून चालली. त्या काळात आम्ही बनवलेल्या छोट्या मराठी चित्रफिती आजही नव्या कर्मचाऱ्यांना दाखवतो. संस्थेचा व्याप मोठा नाही. मी, संगणकाची बाजू सांभाळणारे माझे पती आणि परिचारिका म्हणून काम केलेल्या आमच्या प्रशिक्षिका, एवढाच आमचा गोतावळा आहे. सॉफ्टवेअर कंपन्यांकडून दलाली घ्यायची नाही, हे आम्ही सुरुवातीलाच ठरवले, कारण ती घेतली असती तर दवाखाना सोडून जायचे म्हणेल तेव्हा त्याची सर्व माहिती वापरण्याजोग्या स्वरूपात परत मिळेल का, हा प्रश्न आम्हाला मोकळेपणाने विचारता आला नसता. करार करण्याआधी तो लेखी विचारा, असे आम्ही प्रत्येक डॉक्टरांना सांगतो.

सध्या आम्ही बालरोग दवाखान्यांसाठी पाठ तयार करत आहोत. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे वाढीचे आलेख आणि पाच ते अठरा वर्षांसाठी भारतीय बालरोग अकादमीचे २०१५ चे आलेख वापरले जातात, आणि वजन-उंची योग्य रकान्यात भरली की रेघ आपोआप उमटते. वेळेआधी जन्मलेल्या बाळाची वाढ मात्र सुरुवातीची दोन वर्षे अपेक्षित प्रसूतीच्या तारखेपासून मोजलेल्या वयानुसार पाहायची असते. ही सोय काही सॉफ्टवेअरमध्ये आहे, काहींत नाही. जेथे नाही तेथे सिस्टरने दुरुस्त केलेले वय कोठे लिहावे आणि ते डॉक्टरांच्या नजरेस पहिल्यांदा कसे पडावे, याची मांडणी सध्या दोन बालरोगतज्ज्ञांबरोबर बसून आम्ही करत आहोत.