पंचवीसचे बावन्न का होतात?

दुसरीच्या वर्गात ‘पंचवीस’ लिहायला सांगितलं की बरीच पोरं ५२ लिहितात. यात पोरांपेक्षा भाषेचा वाटा मोठा. मराठीत एकक आधी बोलतो, दशक मागून. कानावर पाच आधी पडतो, म्हणून हातही पाच आधी लिहितो. ‘एकोणतीस’चे ३९ होतात तेही असेच. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ आणलं ते याच अडचणीसाठी (आणि त्यावर केवढा गदारोळ झाला!). सेमी-इंग्रजीत आणखी एक भर पडते: आपला १ आणि इंग्रजी नऊ भावंडांसारखे दिसतात. तेव्हा एवढ्यावरून डिस्कॅल्क्युलियाची (गणित शिकण्यातल्या अक्षमतेची) शंका घेऊ नका. चौथीतही ७ मोठे की ९ हे बोटं मोजल्याशिवाय सांगता येत नसेल, पाढा आज पाठ आणि उद्या कोरा असेल, तर मात्र घ्या.

वाचनातही घ-ध, भ-म, प-ष यांची गल्लत पहिलीत सर्रास असते. तिसरीच्या दिवाळीनंतरही ती राहिली, वेलांट्या-मात्रा गळत राहिल्या, ‘प्र’, ‘र्प’ आणि ‘पृ’ एकच वाटत राहिले, तर मुलाला वेगळं बसवून तपासा. पाठ्यपुस्तकातला धडा देऊ नका. तो ऐकून ऐकून पाठ असतो आणि मूल वाचतंय असं वाटतं. न वाचलेला साठेक शब्दांचा उतारा द्या. आधी त्याला वाचू द्या, प्रश्न विचारा. मग तशाच दुसऱ्या उताऱ्याचं तुम्ही वाचन करा, पुन्हा विचारा. ऐकून सगळं कळतं आणि वाचून काहीच नाही, ही फट महत्त्वाची. पुढे ‘टिमोप’, ‘गस्काळू’ असे निरर्थक दहा शब्द वाचायला द्या, कारण इथे अंदाज चालत नाही. शेवटी तोंडी खेळ: ‘कपाट’मधला ‘क’ काढला तर काय उरलं? तारीख टाकून नोंद ठेवा. दोन महिने नेमकं त्याच चुकांवर शिकवा आणि पुन्हा तपासा.

आपल्या नाशिक जिल्ह्यात एक खड्डा हमखास आहे. सुरगाणा-पेठकडे घरात कोकणी (कोकणा आदिवासींची बोली), बागलाण-मालेगावकडे अहिराणी. द्राक्षांच्या हंगामात आईबापांबरोबर दिंडोरी-निफाडला गेलेल्या पोराची शाळा बुडते. ते अडखळतं, कारण शिकवणं कमी पडलंय. तोच ‘कपाट’चा खेळ त्याच्या बोलीतल्या शब्दांवर खेळा. तिथे सहज जमलं, तर मुख्य अडचण बहुधा प्रमाण मराठीची. तिथेही अडलं, तर पुढे तज्ज्ञांकडे पाठवा. त्याआधी चष्मा आणि कान. फळ्यावरचं चुकीचं उतरवणाऱ्या मुलाला कित्येकदा फक्त फळा दिसत नसतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचन-लेखन-गणिताची ही अध्ययन अक्षमता आहे. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार (त्या २०२४ मध्ये बदलल्या) प्रमाणपत्र वयाची आठ वर्षं झाल्यावरच मिळायचं: आधी बुद्ध्यांक, तो ८५ च्या वर असेल तर निम्हान्स या बंगळूरच्या मानसिक आरोग्य संस्थेची चाचणी. चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी. म्हणजे पहिलीतल्या मुलाला कुणी ‘डिस्लेक्सिक’ (वाचनाची अक्षमता असलेलं) म्हणून चिठ्ठी दिली, तर तिच्यावर विसंबू नका. दहावीला लेखनिक, तासाला २० मिनिटे जादा वेळ अशा सवलती शाळेमार्फत मागाव्या लागतात. पालक जागे होतात डिसेंबरात. कागद नववीतच हाती हवा.

तोवर चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लावणं बंद करा. मूल पहिल्या ओळीवरून उतरवतं, आणि पहिलीच चुकली असेल तर दहाही चुकतात. त्याऐवजी शब्द फोडा: पु-स्त-क. जोडाक्षर बोलत बोलत रांगोळीवर बोटाने गिरवा. आठवड्याला एकच जोडाक्षर घ्या, ‘स्त’ पक्का झाल्याशिवाय ‘स्थ’ दाखवू नका. गणिताला चौकटीची वही द्या, एका चौकटीत एकच अंक, म्हणजे हातचा भलत्या घरात जात नाही. आणि वर्गासमोर उभं करून मोठ्याने वाचायला सांगायचंच असेल, तर उतारा आदल्या दिवशी घरी द्या.