आगोटीतला वाढदिवस

परवा दुपारी बँकेत पेन्शनरांची यादी समोर होती. जेवणानंतरची सुस्त वेळ. जन्मतारखेच्या रकान्यातून बोट खाली सरकवत होते आणि पुन्हा पुन्हा तेच येत होतं : १ जून, १ जून, १ जून. सेहेचाळीसचा १ जून, एक्कावन्नचा १ जून. शेजारच्या टेबलावरचा नवा मुलगा वाकून म्हणाला, "मॅडम, सिस्टीममध्ये काहीतरी घोळ झालाय." मी हसले. घोळबिळ काही नव्हता. ती सगळी माणसं गुरुजींच्या टाकातून जन्मली होती.

ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांना पुढचं सांगायला नकोच. शाळा जूनमध्ये सुरू, पोराला सहा पूर्ण हवीत, बापाला तारीख ठाऊक नाही आणि दारात अजून दहा पोरं रडतायत. लिहा १ जून! आमच्या अण्णांचीही तीच, १ जून १९५०. आमच्या आळीत त्या दिवशी निदान पाच म्हाताऱ्यांचा वाढदिवस असतो, आणि पाचही जण एकमेकांना 'काय, मोठा झालास?' म्हणून घेतात.

आजी होती तेव्हा मी एकदा खऱ्या तारखेचा तपास लावायला बसले होते. ती म्हणाली, "आंबा मोहरलेला. कुळीथ काढायचा होता. नि तुझे आजोबा मुंबईहून आले नव्हते." शेवटची खूण बिनकामाची, कारण आजोबा वेळेवर कधीच येत नसत. आगबोट हर्णैला लागायची, पडावातून किनाऱ्यावर यायचं. समुद्र, बोट, गिरणीतली रजा यांतलं काहीतरी एक नेहमी आडवं येई. पण मोहर आणि कुळीथ एवढ्यावर माघ महिना धरायला हरकत नाही. मी अण्णांना मोठ्या उत्साहाने सांगितलं, तुम्ही जूनचे नाहीच, माघातले आहात. ते म्हणाले, "असेन. माघात फुरसत असते."

१ जूनला ती मुळीच नसते. आमचं गाव आंजर्ल्याच्या जवळ, खाडीच्या अलीकडे. मे संपत आला की सगळा गाव आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या तयारीच्या, मागे. लाकडं खोपीत रचायची, सुकटाचे डबे भरायचे, आमसुलं पालटून पालटून वाळवायची, मीठ-मिरची भरून ठेवायची, पश्चिमेच्या भिंतीला झावळ्यांची झापं बांधायची. होड्या वर ओढून शाकारायच्या. मासेमारीची बंदी आता १ जूनपासूनच असते, ३१ जुलैपर्यंत. केरळात मोसमी पाऊस पोचण्याची सर्वसाधारण तारीखही १ जूनच. गुरुजींनी काय विचार करून लिहिलं देव जाणे, पण माणसाला तारीख चिकटली ती बरोबर.

त्यामुळे वाढदिवसाला अण्णा घरात सापडत नसत. ते घरावर असत.

कौलं परतायला आमच्याकडे गडी असायचे, पण गडी एक बाजू करायचे आणि अण्णा त्यांच्या मागून तीच बाजू पुन्हा बघायचे. वर्षभरात वानरं नाचलेली, माडावरचे नारळ पडलेले, दोन कौलांच्या सांध्यात पाला कुजलेला. आम्ही खाली ओळीत उभे : काकू, दादा, मग मी. कौल हातातून हातात वर जायचं. मंगलोरी कौल लहान मुलीच्या हाताला चांगलंच जड लागतं, आणि मला ते छातीशी धरायची सवय होती, म्हणून दर वर्षी माझा एक फ्रॉक त्या लाल मातीत कायमचा जायचा. फुटकी कौलं आमची. त्यांतून ठिकऱ्या निवडायच्या, उरलेली परड्यात.

स्वयंपाकघरावरची कौलं काढली की गंमत यायची. एरवी त्या खोलीत दुपारीही दिवा लागे. आणि आता चुलीपाशी, मडक्यांवर, आईच्या पाठीवर ऊन. धूर सरळ आभाळात. मग त्या चौकोनातून अण्णांचं डोकं खाली वाकायचं, मुंडासं बांधलेलं, मिशीत कोळिष्टकं, आणि ते म्हणायचे, "काय गो, पाणी दे." मी तांब्या उंच करायची, तो पोचायचा नाही, मग ते दोरी सोडायचे. आई त्या दिवशी बरक्या फणसाची सांदणं करायची. ती वाढदिवसाची होती की फणस पिकला म्हणून होती हे मी कधी विचारलं नाही. अण्णांनी ती वरच बसून खाल्लेली मला आठवतात, नारळाचं दूध मनगटावरून ओघळत.

खरी परीक्षा पहिल्या पावसाच्या रात्री. आम्ही अंथरुणात, अण्णा बॅटरी घेऊन उभे, पण ती बंद. त्यांना बघायचं नसायचं, ऐकायचं असायचं. कुठेतरी टप्‌ वाजलं की अंधारातूनच सांगत, "हा माजघरातला. टोप ठेव." पुन्हा टप्‌. "देवापुढचा. वाटी चालेल." टोप की वाटी हे त्यांना आवाजावरून कळे. सकाळी लांब काठी घेऊन आतूनच ते कौल जरासं सरकवायचे, की गळती बंद. दादाने एकदा तसं करून बघितलं तर एका गळतीच्या तीन झाल्या.

वडिलांवर लिहायचं म्हटलं की मला एक अडचण येते. आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर १ जूनला सकाळी सहापासून फुलं आणि समया झळकायला लागतात. बाप म्हणजे वटवृक्ष, बाप म्हणजे सागर. सागर आमच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे, तो कसा आहे ते आम्हांला माहीत आहे, आणि अण्णांशी त्याचं फारसं पटत नाही. बाप म्हणजे छप्पर असंही एका आत्तेभावाने पाठवलं होतं. त्यावर मी काहीच लिहिलं नाही. छपरावर बसलेल्या माणसाला छप्पर काय म्हणायचं? अण्णांकडे साधा फोन आहे, त्यांना यातलं काही पोचत नाही. मी फोन करते. "अण्णा, वाढदिवसाच्या शुभेच्छा." "हां. तिकडे पडला का?" पाऊस हा शब्दसुद्धा लागत नाही. मग ठाण्यात ढग कुठल्या बाजूला आहेत ते विचारतात, आणि मी चौदाव्या मजल्यावरून खरंच बघून सांगते. त्यावर ते 'ठेवतो' म्हणायच्या आत ठेवतात.

सत्तरीला मात्र मी जायचंच ठरवलं होतं. तो १ जून २०२०. घरी बसलेलो सगळे, जिल्हा ओलांडायला ई-पास. फोनवर शुभेच्छा दिल्या तर म्हणाले, "वादळ सांगतायत. तुमच्या त्या काचा लावून घ्या." तिसऱ्या दिवशी, ३ जूनला, निसर्ग आलं. अलिबाग, श्रीवर्धनकडून शिरलं म्हणून टीव्हीवर दाखवत होते, आणि दापोली-मंडणगडचं कोणी बोलतच नव्हतं, कारण तिथून कोणाचा फोन लागत नव्हता. वीज गेली, टॉवर पडले. ते दिवस मी कसे काढले ते राहू दे. शेवटी गावातल्या एका पोराने कुठल्याशा सड्यावर चढून रेंज मिळवली आणि अख्ख्या आळीचे निरोप एकदम धाडले. आमचा असा होता : घर आहे. माडीची कौलं गेली. पोफळी झोपल्या. विहिरीत माड पडलाय. आई बरी. येऊ नको.

पोफळी झोपल्या. आजोबांच्या हातची सुपारीची वाडी, मिरीचे वेल चढलेली, जिच्यात उन्हाळ्यातही पायाला गारवा लागायचा, ती एका दुपारीत उघडी पडली होती. पुढे जाता आलं तेव्हा मी बघितली. तुम्हांला वाटेल अण्णा तिथे हताश होऊन बसले असतील. ते केळी लावत होते. पोफळीच्या कोवळ्या रोपाला कलतं ऊन सोसत नाही, म्हणून आधी पश्चिमेच्या अंगाला केळ धरवायची, मग तिच्या सावलीत रोप. रोपंही त्यांनी घरीच रुजत घातली होती, पडलेल्या झाडांच्याच सुपाऱ्यांची. रोप लावण्याजोगं व्हायला वर्ष-दीड वर्ष, पुढे पोफळ धरायला पाच-सहा. मी मनात बेरीज केली. त्यांनी केली नसावी. दादा म्हणाला, कशाला आता पोफळी, पर्यटकांना दोन खोल्या बांधू. अण्णा हातातला फावडा न थांबवता म्हणाले, "खोल्यांनाही कौलं लागतील. ती कोण परतणार?"

पंचाहत्तरीला आम्ही सगळे गेलो. १ जून २०२५. आणि त्या वर्षी पावसाने जे केलं ते त्याने अण्णांच्या आठवणीत कधी केलं नव्हतं. मृग ७-८ जूनचा, पण हा २५ मेलाच सिंधुदुर्गात उतरला, दुसऱ्या दिवशी मुंबईत. अण्णांनी कौलांना त्याच आठवड्यात हात घालायचं योजलं होतं. लाकडं अर्धी बाहेर, आमसुलं ओली, झापं न विणलेली. आम्ही पोचलो तेव्हा माडीवर काळं प्लास्टिक दगडांनी दाबलेलं, आणि अण्णा इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत. वाढदिवसाला घरात बसलेले अण्णा मी पहिल्यांदाच पाहिले. शाळा सुटल्यावर न्यायला कोणी न आलेल्या मुलासारखे ते दाराकडे बघत होते.

काकूने कणकेचे पंचाहत्तर दिवे केले होते. पागोळ्यांच्या वाऱ्याने ते विझत होते, आत्या पुन्हा पेटवत होत्या, आणि हे कार्य काही पुरं होईना. अण्णांनी बराच वेळ सोसलं. मग म्हणाले, "पंचाहत्तर माघातच झाली माझी. तेव्हा आला असतात तर चार हात कौलांना तरी लागले असते." सगळे हसले. मीही हसले. रात्री ते बॅटरी घेऊन उभे राहिले नाहीत, कारण प्लास्टिकवर पाऊस एकसारखा ताडताड वाजतो, त्यात टप्‌ काही ऐकू येत नाही. "बहिरं छप्पर," म्हणाले, आणि झोपले.

यंदा मी मेमध्येच रजा टाकली आहे. साहेबांनी विचारलं वाढदिवस १ जूनला ना, मग पंधरवडा आधी कशाला? मी म्हटलं, कौलं आहेत. ते विदर्भातले, त्यांना कळलं नाही, पण त्यांनी सही केली.

अण्णांना कळवायला फोन केला आणि दर वर्षीसारखं विचारलं, काय आणू? दर वर्षी ते 'काही नको, तू ये' म्हणतात. या वेळी जरा थांबले. म्हणाले, "प्लास्टिकचा कागद आण. काळा, जाड. ठाण्यात स्वस्त पडेल. बिल ठेव."

"किती आणू?"

"माडी सगळी. नि पुढची पडवी."

माडी सगळी म्हणजे यंदा ते वर चढणार नाहीत. गडी चढले तरी त्यांच्या मागून बघायला कोणी नाही, म्हणून कागद. डॉक्टर काय म्हणाले, गुडघा की चक्कर, आई का बोलली नाही, हे सगळं मला विचारायचं होतं. ते पलीकडून लांबी-रुंदी सांगत होते, फुटांत. मी पेन शोधलं आणि लिहून घेतलं.